दोघांचं भांडण, तिसऱ्याचं भांडं

ही हकीकत मराठीत सांगण्यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून टाकतो. ज्या चुकीवरून हे सगळं रामायण घडलं, ती चूक मराठीत लिहून दाखवताच येत नाही. उमेदवाराचं आडनाव होतं वेसल. मी छापलं वेसल. दोन्हीकडे तोच व, तोच स, तोच ल. मग चुकलं कुठे, असं तुम्ही विचाराल. मीही सुरुवातीला तेच विचारलं होतं. तर पहिला वेसल डबल्यूने सुरू होतो आणि ते एका भल्या माणसाचं आडनाव आहे. दुसरा व्हीने सुरू होतो, आणि त्याचा अर्थ भांडं.

मी वाघ, मूळचा सांगलीचा. इथल्या लोकांच्या तोंडी माझं आडनाव 'वॅग' झालं. वडिलांचा छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीची पत्रकं छापायचे. त्यांचा एक नियम होता: चुकलेलं अक्षर या दारातून बाहेर जाता कामा नये. अमेरिकेत शॉमबर्गजवळ मी स्वतःचं साइनचं, म्हणजे पाट्यांचं, दुकान काढलं, तेव्हा हेच वाक्य सुबक अक्षरात छापून मशीनच्या वर लावलं. एका बाजूला ड्रायक्लीनर, दुसऱ्या बाजूला डोनटवाला, मध्ये आमचं दुकान. मी शाईत हात घालणार आणि बायको सुनंदा काँप्युटरवर अक्षरं जुळवणार, अशी वाटणी होती. आता दुकान विकून आम्ही दोघं निवांत आहोत, पण रस्त्याच्या कडेला वाकडी लावलेली पाटी दिसली की अजून माझा पाय ब्रेकवर जातो.

आमचा मुख्य धंदा यार्ड साइनचा. इथली निवडणूक भिंतीवर रंगवत नाहीत की लाउडस्पीकरवर गाजवत नाहीत, ती घरापुढच्या लॉनवर होते. पन्हळी प्लास्टिकचा पत्रा, त्यावर दोन्ही बाजूंनी उमेदवाराचं नाव, आणि खाली तारेचं दोन पायांचं स्टँड. स्टँड गवतात खुपसायचं की झाला प्रचार. ताणलेल्या जाळीच्या चौकटीवर शाई ओतून रबरी पट्टीने ओढली की एक पाटी तयार. बघायला सोपं आहे. ओढायला लागलात की रात्री पोळीचा तुकडा मोडता येत नाही.

नवा उमेदवार आला की त्याला पाटीवर अख्खं आत्मचरित्र हवं असायचं. बायकोमुलांचा फोटो, तीन वचनं, एक गरुड, एक झेंडा. मी सांगायचो, "साहेब, गाडीतला माणूस दोन शब्द वाचतो. तिसरा वाचेपर्यंत तो पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो. तुमचं पहिलं नाव तुमच्या आईसाठी ठेवा, मतदाराला फक्त आडनाव द्या." रागवायचे, पण ऐकायचे. आडनाव ठळक, मोठं, लांबून वाचता येईल असं छापणं ही माझी ख्याती होती. पुढे तीच नडली.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका बाईंनी मांजर हरवल्याच्या पाट्या करून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मांजर सापडलं म्हणून 'सापडलं, आभारी आहोत' अशा पाट्या करून घ्यायला आल्या. मांजर बरोबर होतं, प्रूफ तपासायला आणल्यासारखं. आणखी एक उमेदवार होते, ते मतदानाच्या आधीच विजयाच्या आभाराच्या पाट्या छापून घेऊन गेले. पडले. तोंड एवढंसं करून आले, म्हणाले, ह्या परत घेता का? मी म्हटलं, "ह्यावर 'आभारी आहे' एवढंच आहे, 'निवडून आलो' कुठे लिहिलंय? लावा खुशाल." त्यांनी लावल्या. पडलेल्या माणसाने आभार मानलेले त्या गावाने प्रथमच पाहिले असावेत. पुढच्या खेपेला तेच गृहस्थ आरामात निवडून आले. ते श्रेय माझंच आहे, आणि ते मी सोडणार नाही.

आता मुख्य हकीकत. दोन हजार नऊची गोष्ट. आमच्यापासून पश्चिमेला एक छोटं गाव, तिथली मेयरची निवडणूक. इथल्या लहान गावांत राष्ट्रीय पक्ष सहसा उतरत नाहीत. गावातलीच माणसं एकत्र येतात, आपल्या गटाला एखादं गोड नाव देतात, तोच पक्ष. ह्या गावात असे दोन पक्ष होते आणि वर्षानुवर्षं त्यांचं एकमेकांशी भांडण. एकाने बाग म्हटलं की दुसरा पार्किंग म्हणणार. एका बाबतीत मात्र दोघांचं सख्य होतं. गावाच्या कडेची सखल शेतं मातीने भरून त्यावर बिल्डरांना बांधकाम करू द्यायला दोघांनीही मान डोलावली होती. परिणाम असा, की वसंतात बर्फ वितळलं की पाणी जायला जागा नाही. ते लोकांच्या बेसमेंटमध्ये शिरायचं. कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाचे लग्नाचे अल्बम, सगळं पाण्यात. लोक बादल्यांनी आणि पातेल्यांनी पाणी उपसायचे.

ह्याला वैतागून एक तिसरा पक्ष उभा राहिला. पक्षाचं नाव होतं, पण आम्ही दुकानात त्याला 'तिसरे' एवढंच म्हणायचो. उमेदवार लॉइड वेसल, स्कूलबसचे निवृत्त ड्रायव्हर. निम्मं गाव त्यांच्या बसमधून शाळेत गेलेलं. उंच, किंचित वाकलेले, बोलणं कमी. गाव त्यांना ओळखायचं ते 'मिस्टर लॉइड' म्हणून. बसमधल्या पोरांना आडनावाशी काय करायचंय?

तिसऱ्यांना पहिल्याच घासाला खडा लागला. उमेदवारी अर्जाबरोबर गावकऱ्यांच्या सह्यांची पानं जोडायची असतात, आणि ती एकत्र बांधलेली असावी लागतात. ह्यांनी नुसती पाकिटात घालून दिली. दोन्ही जुन्या पक्षांनी हरकत घेतली, तिथेही एकी, आणि अर्ज बाद झाला. आता मतपत्रिकेवर वेसल यांचं नाव छापलं जाणार नव्हतं. एक वाट उरली. मतपत्रिकेवर खाली एक रिकामी रेघ असते. मतदाराला हवा असलेला माणूस छापील यादीत नसेल, तर त्या रेघेवर त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. म्हणजे बघा, लोकांना ते आडनाव नुसतं आठवून चालणार नव्हतं, बरोबर लिहिताही यायला हवं होतं. आणि ते त्यांना शिकवणार कोण? लॉनवरची पाटी. ती छापणार कोण? मी!

ऑर्डर फोनवर आली. माझे दोन्ही हात निळ्या शाईत, फोन खांद्यात धरलेला, मशीनचा आवाज. पलीकडून मिसेस वेसल बोलत होत्या. मी नाव ऐकलं आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ओरडलो, "सुनंदा, घे लिहून. वेसल! मोठ्या अक्षरात!"

"कुठला व?" तिने विचारलं.

"अगं, कुठला म्हणजे? आपला व! वजनातला!"

"अहो, इंग्रजीत दोन आहेत ना. विचारा त्यांना."

"किती वर्षं करतोय मी हे काम? टाक तू!"

तिने टाकला. इंग्रजीतला ओळखीचा शब्द तिच्या बोटांना आधी सापडला, व्हीवाला. वेसल नावाचं भांडं असतं तसा वेसल नावाचा माणूसही असेल, असं वाटलं म्हणाली. मी प्रूफ पाहिलं. अक्षर ठळक, अंतर नेटकं, निळ्यावर पांढरं, झकास. फॅक्सने त्यांच्याकडे पाठवलं, तिकडून 'छान आहे' म्हणून उत्तर आलं. त्या माउलीनेही निळ्या रंगाचा विचार करत पाहिलं असणार. हे धंद्यातलं गुपित सांगतो: बारीक टायपातली चूक माणूस भिंग लावून शोधतो, हातभर उंचीच्या अक्षरातली चूक कुणालाच दिसत नाही. पाट्या कार्यकर्ते घेऊन गेले.

काही दिवसांनी मिस्टर वेसल स्वतः दुकानात आले. काखेत पाटी. ती त्यांनी काउंटरवर ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "मिस्टर वॅग, मी तुम्हाला भांड्यासारखा दिसतो का?"

मला आधी कळेचना. मग कळलं. पायाखालची फरशी सरकली म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. वर वडिलांचं वाक्य, खाली ती पाटी. सुनंदाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्क्रीनकडे वळली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. मी हात जोडले, म्हटलं, सगळ्या पाट्या फुकट नव्या करून देतो, आजच बसतो.

"थांबा," ते म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

झालं होतं असं. हिवाळा संपत आलेला, जमीन अजून दगडासारखी गोठलेली. तारेचं स्टँड आत जाईना. एका आजीबाईंना पाटी लावायची तर होती, म्हणून त्यांनी सूप करायचं मोठं पातेलं आणलं, त्यात बागेतले खडे भरले आणि पाटी त्यात रोवली. भांडं असं लिहिलेली पाटी, भांड्यात! शेजारी पोट धरून हसला. मग त्यालाही हवी झाली. दोन दिवसांत त्या अख्ख्या गल्लीत पातेली उभी राहिली. ज्या पातेल्यांनी लोक बेसमेंटचं पाणी उपसत होते, तीच आता दारापुढे आली होती. आणि वेसल यांच्या घरचा फोन वाजायचा थांबत नव्हता.

"म्हणजे आता काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी डोकं खाजवलं. "आणखी छापा."

"कुठल्या?"

"ह्याच. भांडंवाल्या."

सुनंदा उठून काउंटरपाशी आली. मला मराठीत म्हणाली, "अहो, लोक हसतायत ते ठीक आहे, पण मत देताना लिहितील काय? पाटीवर आहे तेच ना?"

मी म्हटलं, "तू नको काळजी करूस, लोक शहाणे असतात." तिने एवढंही सांगितलं की निदान पाटीच्या खाली बारीक अक्षरात खरं आडनाव टाका. मी म्हटलं बारीक अक्षर गाडीतून दिसत नाही. धंद्याच्या दृष्टीने माझंच बरोबर होतं. बाकी सगळ्या दृष्टीने तिचं.

पुढच्या काही आठवड्यांत मी जे पाहिलं ते पाटीच्या धंद्यात पुन्हा पाहिलं नाही. तिसऱ्यांना आधी कुणी विचारत नव्हतं, ते एकदम गावाच्या तोंडी झाले. तव्यात, बादलीत, टर्की भाजायच्या भल्या मोठ्या ट्रेमध्ये, जिकडेतिकडे माझ्या पाट्या. तिथे जोशी म्हणून आपलं एक सॉफ्टवेअरमधलं कुटुंब होतं, त्यांनी प्रेशर कुकर काढला, शिट्टीसकट. फायर स्टेशनच्या मैदानावर सभा झाली, तिला लोक डाव आणि झाकणं घेऊन आले. मिस्टर वेसल बोलले थोडंच: "मी तुमची मुलं रोज घरी पोचवली. आता पाणी तुमच्या घरी पोचू नये एवढंच करीन." आणि झाकणांचा जो काय गजर झाला म्हणता! मी मागे उभा होतो. आरतीला टाळ्या वाजवाव्यात तशा वाजवत होतो.

जुने दोन पक्ष आधी हसले. मग त्यांनी एकमेकांवर खापर फोडायला सुरुवात केली, तुझ्यामुळेच हे झालं म्हणून. भांड्याला भांडं लागलं की आवाज व्हायचाच, पण इथे आवाज करत होते ते दोघं आणि लोकांचं लक्ष जात होतं तिसऱ्याकडे. प्रचाराच्या शेवटाला गावातून गाडी चालवताना त्या दोघांच्या पाट्या शोधाव्या लागायच्या.

मग तिथल्या साप्ताहिकाची एक बातमीदार मुलगी दुकानात आली. म्हणाली, ही कल्पना कुणाची?

आता माणसाने अशा वेळी काय करावं? मी शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणालो, "माझी. आडनाव साधं होतं, लक्षात राहणारं नव्हतं. मी विचार करून एक अक्षर बदललं. ह्याला आमच्या धंद्यात दृष्टी म्हणतात." फोटोही काढून घेतला, वडिलांच्या वाक्याखाली उभं राहून! सुनंदा त्या वेळी कॉफी ओतत होती. ओतत राहिली.

पाडव्याच्या कार्यक्रमाला इथल्या मराठी मंडळात माझा भाव वधारलेला. "वाघसाहेब, तुम्ही तर कमाल केलीत यार," असं तरुण पोरं म्हणायची. स्टेजवर गुढी उभी, वर तांब्या पालथा. कुणीतरी म्हणालं, "ही बघा वाघकाकांची पाटी, हिच्यावरही भांडंच आहे!" सगळे हसले आणि मी किंग असल्यासारखा मान डोलावत होतो. सुनंदा पन्हं वाटत होती. तिला एका काकूंनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का हो आधी?" ती म्हणाली, "ह्यांना विचारा." बस्स, एवढंच.

निवडणूक झाली. मोजणी झाली तेव्हा त्या रिकाम्या रेघेवर नाव लिहिलेल्या मतपत्रिका इतर दोघांपेक्षा जास्त निघाल्या, थोड्याशाच, पण जास्त. आणि सुनंदा म्हणाली होती तेच झालं. काहींनी डबल्यू लिहिला होता. बहुतेकांनी व्ही लिहिला होता. काही महाभागांनी नाव न लिहिता पातेल्याचं चित्र काढलं होतं, कडीसकट. चित्रं लगेच बाद झाली, ती वगळूनच ही आघाडी होती. व्हीवाल्यांचं काय करायचं ह्यावरून त्या दोघांतल्या एकाच्या, म्हणजे मावळत्या मेयरच्या, वकिलाने कोर्टात धाव घेतली.

वेसल यांची वकील मला दुकानात भेटायला आली. बारीक चणीची, चटपटीत बाई. तिने मला सोप्या शब्दांत समजावलं. कायदा म्हणतो, स्पेलिंग चुकलं तरी चालेल, मतदाराच्या मनात कोण होतं ते कळलं पाहिजे. आमचं म्हणणं, त्यांच्या मनात लॉइड वेसल होते. समोरच्यांचं म्हणणं, ही मतं माणसाला नाहीतच, एका विनोदाला आहेत. भांडं निवडून येऊ शकत नाही. मग तिने साप्ताहिकाचं कात्रण काउंटरवर ठेवलं. वडिलांच्या वाक्याखाली मी, कॉलर ताठ.

"हे त्यांच्या हाती आहे," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम छापलं असेल, तर पाटी हा विनोद आणि मतंही विनोद. चुकून छापलं असेल, तर ते एका माणसाचं चुकलेलं नाव. मिस्टर वॅग, दोन्हीतलं खरं कुठलं?"

मला लाज वाटली, साफ सांगतो. वीस वर्षं लोक माझ्याकडे येत होते ते माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून. त्या माणसाने कोर्टात उभं राहून सांगायचं की मला व्ही आणि डबल्यू ओळखू येत नाहीत? आणि मंडळातली ती पोरं? दुसरीकडे मिस्टर वेसल. ज्या लोकांनी पातेली दारात मांडली त्यांचं मत एका फुशारकीपायी कचऱ्यात जाणार. ह्या माणसाने मला चुकीबद्दल एक वाकडा शब्द उच्चारला नव्हता. मी सुनंदाकडे पाहिलं.

"जे झालं ते सांगा," ती म्हणाली. "सगळं."

काउंटीच्या कोर्टात गर्दी होती. न्यायाधीश एक वयस्क बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्यापुढे शब्दन्‌शब्द टाइप करून घेणारी स्टेनोग्राफर. मी शपथ घेतली. समोरच्या वकिलाने कात्रण घडी उलगडून वाचून दाखवलं, 'दृष्टी' ह्या शब्दावर जरा जास्तच जोर देऊन. मग विचारलं, हे तुम्ही म्हणालात का?

"म्हणालो. बढाई मारली. ती चूक होती."

"वीस वर्षं पाट्या छापणाऱ्या माणसाला व्ही आणि डबल्यूमधला फरक कळत नाही, यावर कोर्टाने विश्वास ठेवायचा?"

"डोळ्यांना कळतो, साहेब. कानाला नाही कळत. आणि जिभेला तर अजिबात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ऑर्डर फोनवर घेतली. नाव ऐकलं वेसल आणि टाइप झालं वेसल."

एवढ्यात स्टेनोग्राफरची बोटं थांबली. तिने वर पाहिलं आणि अदबीने विचारलं, "माफ करा सर, ह्यातला पहिला कुठला?"

मी म्हटलं, "वेसल." ती थांबूनच. मी आणखी जोर लावून म्हटलं, "वेसल! आणि दुसरा वेसल!" कोर्टात कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. न्यायाधीशबाईंनी हातोडा आपटला, पण ओठ त्यांचेही हलत होते. वकील लाल झाला. म्हणाला, हे नाटक आहे.

तेव्हा मात्र माझा पारा चढला. मी खिशातून माझं व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि न्यायाधीशबाईंकडे देण्याची परवानगी मागितली. म्हटलं, "माझं नाव विश्वास वाघ. माझ्या भाषेत ह्या नावात एकच अक्षर तीनदा येतं, व. लहानपणी शाळेत मास्तरांनी इंग्रजीत नाव लिहिलं, तेच आजवर चालत आलंय. बघा त्यांनी काय केलं. पहिल्या व ला व्ही. त्याच शब्दातल्या दुसऱ्या व ला डबल्यू. आणि आडनावाच्या व ला पुन्हा डबल्यू. का, ते मास्तरांना माहीत नव्हतं, मला माहीत नाही, आणि माझ्या आईने तर मला हाक मारताना तिन्ही व एकाच तोंडाने म्हटले. आमच्यात हे एकच अक्षर आहे, मॅडम. मी नाटक करत असेन, तर माझ्या जन्मापासून करतोय."

बाईंनी कार्ड चष्म्यावरून पाहिलं, मग चष्म्यातून पाहिलं. ओठ हलवून माझं नाव म्हणून पाहिलं. मग विचारलं, "छापण्यापूर्वी कुणालाच शंका आली नाही?"

आता इथे 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. समोरचे वकील सुनंदाला ओळखतही नव्हते. पण शपथ घेतलेली होती, आणि ती मागच्या बाकावर बसलेली होती.

"आली होती," मी म्हटलं. "माझ्या बायकोला. तिने मला विचारलं, कुठला व? मी म्हटलं, आपला. ती म्हणाली, गिऱ्हाइकाला विचारून घ्या. मी विचारलं नाही. नंतरही तिने सांगितलं की लोक मत देताना पाटीवरचंच नाव लिहितील. तेही मी ऐकलं नाही. दोन्ही वेळा तिचं बरोबर होतं आणि माझं चूक."

स्टेनोग्राफरने ते सगळं टाइप करून घेतलं. यावेळी तिला काही विचारावं लागलं नाही.

निकाल त्याच दिवशी लागला. न्यायाधीशबाई म्हणाल्या की ह्या गावात त्या नावाने ओळखला जाणारा एकच उमेदवार होता, तो कुणी भांडं समजून उभा केला नव्हता, आणि स्पेलिंग मतदारांचं नव्हे तर छापणाऱ्याचं चुकलं होतं. व्हीवाली मतं धरली गेली. मिस्टर वेसल मेयर झाले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "मिस्टर वॅग, ऑफिसच्या दाराला पाटी लागेल. तीही तुम्हीच करा." मी म्हटलं, करतो, पण तुम्ही स्वतः येऊन अक्षरावर बोट ठेवा. पुढे त्यांनी पाणी वाहून जायला एक नाला खणून घेतला. सगळी बेसमेंट कोरडी झाली असं नाही, पण निम्मी झाली. दोन्ही जुने पक्ष आता एकमेकांऐवजी त्यांच्याशी भांडायला लागले.

त्या दिवशी कोर्टातून परत येताना गाडी मी चालवत होतो. सुनंदा बाहेर बघत होती. बर्फ जाऊन कोवळं गवत वर आलं होतं, आणि लोकांनी पातेली आत नेली होती. लॉनवर जिथे ती ठेवलेली, तिथे पिवळी वर्तुळं उमटली होती. मीच विचारलं, "काय गं, रागावलीस का? सगळ्या गावासमोर तुझं नाव घेतलं म्हणून?"

"छे," ती म्हणाली. "विचार करतेय."

"कसला?"

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली. माझं बरोबर होतं, हे तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. तेही इंग्रजीत, आणि हात वर करून शपथ घ्यायला लावली तेव्हा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता घरी गेल्यावर तेच एकदा मराठीत म्हणा. शपथेशिवाय."

मी म्हटलं. गाडी कडेला थांबवून, तिथल्या तिथे.